पहिली मूठ

२ सप्टेंबर, मंगळवार

बीपी १४४/९०. रुवैसच्या क्लिनिकमधल्या नर्सने ही वही दिली. रोज बीपी लिही, काय खाल्लं ते लिही म्हणाली. तिला वाटलं म्हातारा दोन आकडे लिहून गप्प बसेल. सातवीपर्यंत शाळा झालीय माझी, पानं भरता येतात. खाल्लं: दोन चपात्या, दुधी, बिनमिठाचा. सहा वर्षं झाली मीठ सोडून. काही मेलो नाही.

नवीन जागा झकास आहे. मोहिद्दीन पिकअप घेऊन न्यायला आला होता. मलबारी आहे, चाळिशीचा, पोट सुटलेलं, गाडीच्या किल्लीला पितळेचा मासा लावलाय. रस्ताभर तोंड बंद नाही. चाचा, कॅम्पमध्ये एसी आहे, फ्रीज आहे, बायको नाही, अजून काय पाहिजे म्हणतो. हायवे सोडल्यावर चौदा किलोमीटर कच्चा रस्ता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मग एकदम डोंगर. एवढ्या सपाट मुलखात हा एकटाच कशाला उभा राहिलाय कळत नाही. तांबडा, काळा, मधेच हिरवट, आणि उन्हात कुठं कुठं लखलखतो.

सोमनाथ गेटवर उभा होता. आठ महिन्यांनी पोराला बघितलं. ड्रिलिंगवर आहे, वाळलाय. आता माझ्या हातचं मिळणार म्हणून दात काढत होता. मी रुवैसला तीस वर्षं मेस सांभाळली, ती सुटली, गावी जाणारच होतो. इथला कुक सुट्टीवर गेला म्हणून सोमनाथनेच माझं नाव दिलं. महिनाभराचं काम. अठ्ठावीस तारखेचं दोघांचं तिकीट आहे. विनिताला आठवा लागलाय, सून पोटुशी असताना मुलगा वाळवंटात काय करतोय असं बायको नर्मदा रोज फोनवर विचारते. आज तिने बजावलं, पोराला बरोबर आणा, एकटे आलात तर दार उघडणार नाही. म्हटलं बरं.

४ सप्टेंबर, गुरुवार

बीपी १४०/८८. खाल्लं: भात, मूगडाळ.

कॅम्पात माणसं नऊ. फोरमन सतीश, नागपूरकडचा, सारखं घड्याळ बघतो. चार हेल्पर, दोन नेपाळी दोन बिहारी, जेवताना बोलत नाहीत, मला आवडतात. मोहिद्दीन, सोमनाथ, मी. आणि अस्मी, जिऑलॉजिस्ट. पंचवीसची असेल, मराठी घरातली पण अबुधाबीत वाढलेली. मराठीत विचारावं तर उत्तर इंग्लिशमध्ये. पण मला काका म्हणते आणि ताट स्वतः धुते.

आज तिला विचारलं, हा डोंगर इथं आला कुठून. मी पुऱ्यांचं पीठ मळत होतो. तिने माझा झारा उचलला आणि पिठावर ठेवून दाबला. झाऱ्याच्या भोकांतून पीठ वर आलं. म्हणाली, दॅट्स इट, काका. पंचावन्न कोटी वर्षांपूर्वी इथं समुद्र आटला, मिठाचा थर उरला. त्यावर दगडावर दगड साचले, किलोमीटरच्या किलोमीटर. मीठ दगडापेक्षा हलकं, आणि दाबलं की वाहतं. जिथं फट मिळाली तिथून वर चढत आलं, सगळे थर ढकलत. डोंगर म्हणजे त्या मिठाचं डोकं.

फोनवर तिने ज्वालामुखीचा फोटोही दाखवला. काही ज्वालामुखींचा रस इतका घट्ट असतो म्हणे की वाहून जात नाही, तोंडाशीच फुगून गोळा होतो, मग थंड होऊन झोपतो. आपला डोंगर त्याचाच थंड भाऊ. आतले काळे दगड मात्र खऱ्या ज्वालामुखीचे. तो समुद्र होता त्याच वेळी कुठंतरी फुटला होता, त्याचे तुकडे मिठाने धरून वर आणलेत. खाली जे सापडेल ते हा उचलून आणतो, म्हणाली.

मी विचारलं, झोपलाय ना. म्हणाली, मोस्टली, काका.

कंपनीला मिठाच्या पोटात तेल साठवायचंय, म्हणून भोकं पाडून बघतात. आत पाइप सोडायचा, मिठाचा दांडा कापून वर काढायचा, लांबट डब्यात ठेवून किती खोलवरचा ते लिहायचं. काम सोपं आहे. उगाच शाळा एवढी.

७ सप्टेंबर, रविवार

बीपी १४२/८६. खाल्लं: चपाती, उकडलेलं अंडं.

सकाळी डोंगरावर चढून आलो. फोनची रेंज फक्त माथ्यावर. अर्ध्या वाटेवर जुनी बिळं आहेत, माणूस सरपटत जाईल एवढी. गंधकासाठी कोणीतरी खणली होती, शेकडो वर्षांपूर्वी. माथ्यावर अस्मीने लोखंडी खुंटी ठोकलीय, तिच्यावर रेघा. डोंगर किती वर येतो ते मोजायला. वर्षाला केसाएवढा, म्हणाली. मग मोजायचं कशाला म्हटलं तर हसली.

नर्मदेला फोन केला. पितृपक्ष लागलाय, नवीन काही सुरू करू नका म्हणाली. म्हटलं इथं बारा महिने तेच जेवण, नवीन काय करणार.

दुपारी साडेबारा ते तीन कामबंदीचा सरकारी नियम आहे, पंधरा तारखेपर्यंत. सगळे एसीत घोरतात. मी भांडी लावतो. बरं चाललंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

बीपी १४६/९०. खाल्लं: पेज.

रुवैसहून सामान आलं, मीठ नाही. मोहिद्दीनला लिहून दिलेलं, कागद गाडीतच पडून. चाचा, माफ करो, शुक्रवारला आणतो, इन्शाल्ला. इकडे सुरमईचं कालवण चुलीवर. सतीश दारात येऊन ओरडला, बिनमिठाचं जेवण म्हाताऱ्याला चालतं, आम्हाला नाही.

अरे मिठाच्या डोंगराखाली बसून मिठासाठी भांडता, म्हटलं. बादली घेऊन गेलो. डोंगराच्या, मशीनने कापलेल्या भिंतीत पांढरं शुभ्र मीठ आहे, मधून गुलाबी रेघ. मी शिरोड्याचा. बाप मिठागरात राबला, आजा राबला. मीठ बोटात चोळलं की मला कळतं. कोरडं, खणखणीत, माती नाही. तोंडात घालून बघायचं असतं, पण मला बंदी. नुसतं चोळून घेतलं.

मिठागरात मोसमाचं पहिलं मीठ ओढलं की बाप पाठमोरा उभा राहायचा आणि पहिली मूठ मागे वाफ्यात टाकायचा. ही तुझी, बाकीची आमची. एवढंच बोलायचा. पहिली मूठ घरात आली तर जागा माणूस मागते म्हणायचा. हे आज भिंतीपुढं उभा असताना आठवलं. पण इथं ना वाफा ना मालक. कालवण उकळत होतं. पहिली मूठ सरळ पातेल्यात गेली.

सोमनाथची शिफ्ट आधी, त्याचा डबा आधी भरला. सुट्टीत गावी गेलो की त्याला पहिलं वाढायची सवय आहे मला, तो लहान असल्यापासून.

१० सप्टेंबर, बुधवार

बीपी १४२/८८.

कालच्या जेवणाचं एवढं कौतुक तीस वर्षांत झालं नाही. सतीशने तीनदा भात घेतला. अस्मी डाएटवाली, तिनेही वाटी चाटली. सोमनाथने डबा धुवून आणला म्हणजे चाटूनच आणला, एक शीत नव्हतं. मोहिद्दीन म्हणतो, चाचा, हे मीठ दुबईला विकू, आपण दोघं शेख. रात्रीही तेच मागितलं, तेच दिलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बीपी १४४/९०. खाल्लं: चपाती, भेंडी.

पाकिटाचं मीठ आलं. दुपारी डाळीत घातलं तर सगळ्यांनी पहिल्या घासाला ताट सरकवलं. अळणी म्हणतात. मी स्वतः मोजून घातलेलं. अस्मीने हळूच विचारलं, काका, कॅन वी हॅव द अदर वन. परत बादली घेऊन गेलो. खाणाऱ्याच्या तोंडाला लागतं ते वाढावं, कुकचं काम तेवढंच.

एक गोष्ट मात्र खटकली. पाण्याच्या बाटल्यांचे बारा खोके गेल्या शुक्रवारी आले होते. मंगळवारपर्यंत पाच संपले. उरलेले सात तसेच. चव्वेचाळीस डिग्रीत ड्रिलिंग करतात आणि तीन दिवसांत कोणी एक बाटली फोडली नाही. सोमनाथला विचारलं, तहान लागत नाही का रे. नाही लागत म्हणाला, बाबा, तुम्ही उगाच काळजी करता. मी काळजी करणारा माणूस नाही. पण त्याचा शर्ट हातात घेऊन बघितला. घामाचा एक डाग नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

बीपी १५०/९४.

दुपारच्या सुट्टीत केबिनी रिकाम्या. शोधत गेलो तर सगळे त्या कापलेल्या भिंतीपाशी, मिठावर उताणे पडलेले. उघड्या अंगाने, भर उन्हात, डोळे उघडे. मी ओरडलो. सतीश म्हणाला, काका, इथं गार लागतं. हात लावून बघितला, मीठ तापलेलं होतं, चटका बसला. त्यांना गार लागतं.

सोमनाथला हाताला धरून उठवला. हलका झालाय. पंचवीस किलोची तांदळाची गोण मी अजून एकटा उचलतो, त्यामुळे वजन मला कळतं. तो गोणीएवढाही नव्हता.

अस्मीला म्हटलं, तू शिकलेली आहेस, हे काय. म्हणाली, काका रिलॅक्स, इट्स जस्ट सॉल्ट. मग माथ्यावरच्या खुंटीचं सांगितलं. पाच दिवसांत मीठ तिच्यावर चार बोटं चढलंय. हे सांगताना खूश होती.

डोंगराचं मीठ आजपासून बंद. बादलीत थोडं उरलंय, ते बरणीत भरून कपाटात कुलपात ठेवलं. फेकवेना, का ते माहीत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बीपी १५२/९६.

मोहिद्दीन नाही. काल दुपारी त्याच्या शेजारी उभा राहून मी त्याला शिव्या घातल्या होत्या, उठ म्हणून. मिठात त्याच्या अंगाचा ठसा उमटला होता, वीतभर खोल, पोटापाशी जास्त. हसत होता. चाचा, तुम भी आओ म्हणाला. आज तिथं काही नाही. ठसाही नाही. भिंत सपाट, धुतल्यासारखी.

सतीशने माथ्यावर जाऊन ऑफिसला मेल टाकला, ड्रायव्हर पळाला. इथं माणूस दिसेनासा झाला की पळाला, खलास, कोणी शोधत नाही. म्हटलं पळाला तर पिकअप इथं कशी. कोणीतरी घ्यायला आलं असेल म्हणाला. चौदा किलोमीटर आत? चपला बिछान्याखाली ठेवून? घड्याळ बघत निघून गेला. घड्याळ बंद आहे त्याचं. दोन दिवस झाले.

मी सगळं पाकिटाच्या मिठात केलं. कोणी जेवलं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

चहा घेऊन रिगवर गेलो. साठ मीटर खालून दांडा वर आला. पांढरं मीठ, काळा दगड, परत मीठ. आणि त्यात, काचेत ठेवल्यासारखा, पितळेचा मासा. किल्लीसकट.

साठ मीटर. परवा दुपारी त्याच्या खिशात होता.

 सोमनाथने दांडा उचलून डब्यात ठेवला. अस्मीने मार्कर काढला आणि डब्यावर खोली लिहिली.

मी डोंगर चढून ऑफिसला फोन लावला. कोणी बाई होती. माणसं आजारी आहेत म्हटलं, डॉक्टर पाठवा. ताप आहे का, उलट्या आहेत का. नाही. मग काय आहे. घाम येत नाही म्हटलं. ती म्हणाली, मंगळवारी चार वाजता गाडी येईल, नवीन ड्रायव्हर येईल, त्याच्याबरोबर पाठवा. ॲम्ब्युलन्स म्हटलं तर म्हणाली, फोरमनला बोलू द्या. फोरमनला काय बोलू देणार.

उतरताना जुन्या बिळांपाशी थांबलो. गंधकवाले आत गेले असं समजत होतो मी. बिळांच्या तोंडाशी नखांचे ओरखडे आहेत. आतून बाहेर.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दोन्ही नेपाळी नाहीत.

माझी बीपी मशीन सोमनाथच्या हाताला लावली. पट्टा फुगला, सुटला, आकडाच नाही, नुसतं E दाखवलं. परत लावली. E. माझ्या हाताला लावली, १६०/१००. मशीन ठीक आहे. त्याच्या छातीला कान लावला. समुद्रावर ओल्या वाळूला कान लावला की येतो तसा बारीक आवाज. तो माझ्या डोक्यावरून हात फिरवत होता. बाबा, तुम्ही थकलात म्हणाला.

बळेच पाणी पाजलं. तोंडाच्या कोपऱ्यातून तसंच बाहेर आलं. चाखून बघितलं नाही, पण बोट चिकट झालं.

आता मान्य करतो. मूठ परत टाकली नाही म्हणून हे झालं. मला नाटकं आवडत नाहीत, देवळातही मी बाहेर उभा राहतो. पण झालं ते माझ्या हाताने झालं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे पाकिटाच्या मिठाची मूठ घेऊन भिंतीकडे पाठ करून उभा राहिलो. ही तुझी म्हटलं, मागे टाकली. जीव हलका झाला. येऊन पेज खाल्ली.

दहा वाजता मेसचं दार उघडलं. उंबऱ्यावर मिठाचा ढीग, मिठागरात रचतात तसा, टोकदार. मूठभर. पाकिटातलंच, बारीक.

परत केलंय.

मग बरणीतलं नेऊन टाकलं, अर्धी बरणी. तेही उंबऱ्यावर आलं. त्याला हे नको. त्याची पहिली मूठ हवी. ती पातेल्यात गेली, पातेल्यातली पहिली वाढ डब्यात, आणि डबा सोमनाथला. मीच वाढला. चाटूनपुसून खाल्ला त्याने.

दोन्ही बिहारी दुपारपासून नाहीत. सोमनाथला मेसमध्येच लोखंडी खाटेला बांधला. सुंभाने, मासेवाल्याच्या गाठीने. तो हसला, लहान असताना बांधायचात तसंच बांधलंत म्हणाला.

२० सप्टेंबर, शनिवार

दांड्याचा डबा फोडला. हातोडीने मीठ फोडून किल्ली काढली. लायसन नाही माझ्याकडे, तरी पिकअप काढली. सोमनाथला पुढं बसवून पट्ट्याने आवळला.

दोन किलोमीटर ठीक. चारला ओठ फुटले. रक्त नाही. फटीतून पांढरं. सहाला त्याने हात वर केला आणि करंगळीचं टोक सीटवर पडलं. भुगा. पावडरीसारखा भुगा. दुखतंय का म्हटलं. नाही. पण बाबा, गाडी वळवा. शांत आवाजात. विनिताचं नाव घेतलं, म्हटलं पोर होणारंय तुला, तोंड बघायचं नाही का. डोळे भरावेत तसं केलं त्याने. पाणी आलं नाही. खडे आले.

समोर लांबवर हायवेचे ट्रक दिसत होते.

वळवली. काय करणार होतो. वळवली.

डोंगराजवळ आलो तसे ओठ मिटले. करंगळी नाही परत आली.

२१ सप्टेंबर, रविवार

सतीश नाही. घड्याळ डायनिंग टेबलावर काढून ठेवलंय.

अस्मी दुपारी मेसच्या दारात उभी. तिला धरलं, म्हटलं पोरी थांब, मंगळवारी गाडी आहे, आईला फोन करू. पहिल्यांदा मराठीत बोलली. काका, डोंगर झोपलेला नव्हता, त्याला वर यायला वजन कमी पडत होतं. मग हात सोडवून घेतला. हात कसला. धरण्यासारखं काही नव्हतंच, मुठीत मीठ राहिलं. चालत गेली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि भिंतीने—

मी बघितलं नाही. पाठ केली.

मीठ खुंटीवरच्या सगळ्या रेघांच्या वर गेलंय. मेसची जमीन मधून फुगलीय. पातेलं ठेवलं की घरंगळतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

आम्ही दोघं. सोमनाथला परत खाटेला बांधलाय.

साडेबारा ते तीन खाट सरकते. चारी पाय जमिनीवर ओरखडे काढत दाराकडे. मी खाटेवर बसलो, माझ्या वजनासकट सरकली. फ्रीज आडवा लावला. फ्रीजसकट.

तीनला थांबली. दारापासून दोन हात.

उद्या चारला गाडी. पण गाडीत घालून नेला तर सहा किलोमीटरला करंगळी, चौदाला काय. आणि नाही नेला तर उद्या साडेबारा. हिशेब सुटला पाहिजे तो गाडी यायच्या आत. बाप म्हणायचा जागा माणूस मागते. कोणता माणूस ते कधी बोलला नाही. मी विचारलं नाही. मी हसायचो.

मूठ कोणाची होती. माझी.

मला का नेत नाही. सगळे नेले, मला हातही लावला नाही. कारण माझ्यात त्याचं काही नाही. सहा वर्षं काही नाही. ओळखत नाही तो मला.

अर्धी बरणी आहे अजून.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळ. बीपी १७०/१०४. शेवटचं लिहितोय.

गाडीवाल्यासाठी. मुलाचं नाव सोमनाथ. खाटेला बांधलाय, चाकू त्याच्या उजव्या हाताशी ठेवलाय. आधी पाणी पाजा, मग सोडा. इथलं मीठ खाऊ नका, बुटालाही लागू देऊ नका. त्याचा पासपोर्ट पिठाच्या डब्यात. अठ्ठावीसचं तिकीट. नर्मदेला सांगा दार उघड, पोरगा आलाय. माझं विचारलं तर पळाला म्हणा, इथं तसंच म्हणतात.

साडेअकरा. पेज शिजवली. मूठभर डोंगराचं. सगळं एका दमात—

सहा वर्षांनी. काय चव आहे.

बारा. भिंतीकडे तोंड करून बोललो. मूठ मी उचलली. माझ्या हाताने. पोराने नुसतं खाल्लं, बापाने वाढलं ते पोर खातंच. घेणारा हात घे. काही आवाज नाही. फसलं बहुतेक.

सव्वाबारा. घाम थांबला. पट्टा लावला. E.

साडेबारा. खाट— खाट जागेवर आहे. सरकली नाही. ओरखडे कालचेच.

सोमनाथच्या कपाळावर ओलं. हात लावला. घाम. घाम आहे.

डोळे उघडले. ओरडला, बाबा, करंगळी. दुखतंय म्हणतो. दुखतंय त्याला. मग पाणी म्हणाला. बाबा, पाणी. तांब्या तोंडाला लावला, घटाघट. गिळलं. आत राहिलं. अजून मागतो.

अजून देतो रे. नळ डावीकडे, भांड्यांच्या मागे, चार पावलं. तांब्या एका हातात, वही एका— बाहेर गार वाटतंय. पोरगा हाक मारतोय, इकडे नाही बाबा, नळ तिकडे. माहीत आहे मला. वळतो. पाय वळले की वळ—